ड्रमंड की मॅकग्रेगर? स्कॉटिश क्लॅन आणि आडनावाचं मूळ शोधायचं कसं

माझी वहिनी स्कॉटिश, माहेरचं आडनाव ड्रमंड. तिची आजी शेवटपर्यंत एकच पालुपद लावायची की आपण ड्रमंड नुसते कागदावर, खरे आपण मॅकग्रेगर. घरात कोणी मनावर घेतलं नाही, म्हातारी बोलतेय तर बोलू दे. मग पुतण्या झाला, दादाने आमचा कुलवृत्तान्त काढून त्यात त्याचं नाव घालायला घेतलं आणि वहिनी म्हणाली, माझ्या बाजूचंही काहीतरी लिहा की. घरात वर्क फ्रॉम होमवाला मी एकटाच, त्यामुळे ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. दोन वर्षं उलथापालथ केली, पैसेही थोडे वाया घालवले, आणि त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. परदेशात सोयरिक झालेली घरं आता आपल्याकडे कमी नाहीत, कुणाला तरी उपयोगी पडेल. उदाहरण मॅकग्रेगरचंच घेतोय, कारण या क्लॅनवर, म्हणजे कुळावर, आडनाव शोधायला शिकलात तर बाकीचे क्लॅन सोपे वाटतील.

आधी डोक्यातलं एक खूळ काढा

क्लॅन हा गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतला शब्द, अर्थ मुलंबाळं. त्यामुळे वाटतं की एका आडनावाचे सगळे एका आजोबाची पोरं. तसं नाहीये. हायलँड्समध्ये, म्हणजे वरच्या डोंगराळ भागात, सतराव्या अठराव्या शतकापर्यंत बऱ्याच लोकांना पक्कं आडनाव असं नव्हतंच. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा ढमका, असं चालायचं. मॅक म्हणजे मुलगा, मुलगी असेल तर निक. शिवाय ज्या सरदाराच्या जमिनीवर राहायचं, ज्याच्या आसऱ्याला जायचं त्याचं नाव लावायची पद्धत होती. आपल्याकडे दोन पाटील भेटले तर ते भाऊबंद असतीलच असं आपण धरत नाही ना, पाटील हे काम होतं. तसंच कॅम्पबेल आडनावाचा प्रत्येक माणूस कॅम्पबेलांच्या रक्ताचा नाही, कोणीतरी कधीतरी जीव वाचवायला ते नाव घेतलेलं असू शकतं. मॅकग्रेगरांच्या बाबतीत तर अक्षरशः जीव वाचवायलाच.

म्हणून माझा पहिला नियम असा की आडनावाच्या मागे धावू नका, माणूस आणि गाव धरा.

पायरी १: क्लॅनचा इतिहास तारखांसकट वाचा

ही पायरी लोक गाळतात आणि डायरेक्ट वेबसाइटवर नाव टाईप करतात. मीही तेच केलं, तीन महिने फुकट गेले. मॅकग्रेगरांचा इतिहास माहीत नसेल तर रेकॉर्डमधून माणसं गायब का होतात ते कळतच नाही.

थोडक्यात सांगतो. ग्रेगर हे नाव ग्रीक-लॅटिनमधून आलंय, मूळ अर्थ जागा असलेला, सावध. क्लॅनचं ब्रीद आहे "राजवंशी आहे माझं कुळ", आणि दावा असा की नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन राजाच्या भावापासून आम्ही आलो. इतिहासकार हे मानत नाहीत. आपल्याकडेही प्रत्येक घराणं सूर्यवंशी नाहीतर चंद्रवंशी असतंच, तेव्हा हसू नका. कागदाला धरून बोलायचं तर चौदाव्या शतकातला "सोनेरी लगामांचा ग्रेगर" हा मूळ पुरुष, आणि त्याचा मुलगा एकडोळ्या इयन, जो १३९० मध्ये वारला. मुलूख आर्गाइलमधला, ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे. ग्लेन म्हणजे खोरं.

भांडणाचं मूळ जमीन. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट ब्रूस राजाने लॉख ऑ (लॉख म्हणजे तलाव) भागाची सनद कॅम्पबेलांना दिली आणि त्यात मॅकग्रेगरांची खोरीही आली. म्हणजे कब्जा यांचा, सनद त्यांची. तलाठी ऑफिसात एक चक्कर मारलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेलांनी पंधराव्या शतकात किल्चर्नचा किल्ला बांधला, हळूहळू मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यात कूळ झाले. १५६० च्या सुमारास ग्रेगर रॉय नावाच्या तरुण वारसाला कॅम्पबेलाने जमिनीवर हक्क द्यायला नकार दिला, तो बंडखोर झाला, आणि ७ एप्रिल १५७० ला त्याचं मुंडकं उडवलं. त्याची बायको कॅम्पबेलांचीच मुलगी होती. तिच्या नावावर असलेला शोक गेलिकमध्ये आजही अंगाईसारखा गातात.

१५८९ मध्ये मॅकग्रेगरांनी राजाच्या जंगलाच्या एका अधिकाऱ्याला मारलं आणि त्याचं डोकं बॅलव्हिडरच्या चर्चमध्ये आणून सगळ्यांनी त्यावर हात ठेवून शपथ घेतली की हे आपण सगळ्यांनी केलं. त्या अधिकाऱ्याचं आडनाव ड्रमंड. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं गप्पच बसली.

मग आलं १६०३. ७ फेब्रुवारीला लॉख लोमंडजवळ ग्लेन फ्रुइनमध्ये मॅकग्रेगरांनी कहून या दुसऱ्या क्लॅनची कत्तल केली. (हे आडनाव इंग्रजीत 'कोल्क्वाहौन' वाटेल असं लिहितात आणि कहून म्हणतात, शोधताना लक्षात ठेवा. मेंझीज असं लिहून मिंगिस म्हणतात, तो तर वेगळाच छळ.) त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणी वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचा राजा व्हायला निघाला. निघायच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ ला, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, हुकूम काढला की मॅकग्रेगर हे नावच रद्द. नाव लावाल तर मरण. सरदार अलास्डेर मॅकग्रेगर आर्गाइलच्या अर्लला शरण गेला, वचन होतं की तुला स्कॉटलंडच्या हद्दीबाहेर पोचवतो. अर्लाने वचन पाळलं, हद्द ओलांडून बेरिकला नेलं आणि तिथूनच परत फिरवलं. २० जानेवारी १६०४ ला एडिनबरात फाशी. त्याला बाकीच्यांपेक्षा स्वतःच्या उंचीइतकं वर लटकवलं म्हणतात, सरदार होता ना.

पुढचे नियम ऐका. पूर्वी मॅकग्रेगर असलेल्यांनी चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. जवळ हत्यार म्हणून फक्त जेवणात मांस कापायची सुरी, तीही टोक मोडलेली. १६३३ मध्ये कायदा पुन्हा कडक केला, त्यात कोणत्याही पाद्र्याने मुलाचं नाव ग्रेगर ठेवायचं नाही, कोणत्याही नोटरीने या नावाने कागद करायचा नाही असंही आलं. दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली, विल्यमच्या काळात १६९३ मध्ये परत लागली, आणि कायमची उठली ती १७७४ मध्ये.

आता हिशोब करा. १६०३ ते १६६१ आणि १६९३ ते १७७४, मिळून १३९ वर्षं हे आडनाव बेकायदा. मधे बत्तीस वर्षांची खिडकी. या तारखा एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, खरंच सांगतोय, मी तसंच केलंय.

पायरी २: घरातून मागे जायचं, वरून खाली नाही

रॉब रॉय या सगळ्यात प्रसिद्ध मॅकग्रेगरपासून सुरू करून आपल्यापर्यंत यायचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. जिवंत माणसापासून मागे जा, एकेक पिढी, प्रत्येक पिढीला एक कागद. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारताना "आपण कोणत्या क्लॅनचे" असं विचारू नका, त्यावर दंतकथाच मिळते. "तुझी आजी कुठे पुरलीय, तिचं माहेर कुठलं, उन्हाळ्यात कोणाकडे राहायला जायचात" असं विचारा. वहिनीच्या काकांनी आधी हात झटकले की मला काही माहीत नाही, आणि मग तासभर एका शेताबद्दल बोलत बसले, त्या शेताचं नाव पुढे सगळ्यात जास्त कामाला आलं.

पायरी३: स्कॉटलंड्सपीपल

ही सरकारी वेबसाइट, आणि या कामात हिला पर्याय नाही. अकाउंट फुकट, इंडेक्स शोधणं बहुतेक फुकट, पण मूळ नोंदीचा फोटो बघायचा तर क्रेडिट विकत घ्यावे लागतात. मी वापरलं तेव्हा एका नोंदीला सहा क्रेडिट म्हणजे दीड पौंड जायचे. कमी वाटतं, पण रात्री बाराला "अजून एकच बघू" करत पंचवीस पौंड कधी उडतात कळत नाही. आधी वहीत लिहा की कोणता माणूस, कोणतं वर्ष, कोणता जिल्हा, मगच क्लिक.

स्कॉटलंडमध्ये सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, आणि ही नोंद इंग्लंडपेक्षा खूप श्रीमंत आहे. मृत्यूच्या दाखल्यावर आई आणि बाप दोघांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. बायका लग्नानंतरही कायद्याच्या कागदात माहेरच्या नावाने सापडतात, म्हणून आजीला दोन्ही नावांनी शोधा. घरातलं कोणी १८५५ सालीच जन्मलं, लग्न केलं किंवा वारलं असेल तर लॉटरी लागली समजा. पहिल्या वर्षी सरकारने जोशात भरमसाठ रकाने ठेवले होते, जन्मदाखल्यावर आईबापांचं वय, जन्मगाव, त्यांचं लग्न कुठे कधी झालं आणि आधीची मुलं किती हे सगळं. दुसऱ्याच वर्षी कारकून दमले असावेत, बरंचसं काढून टाकलं. म्हणून फक्त आपला पूर्वज नका शोधू, त्याची भावंडं शोधा, एखादं १८५५ मध्ये सापडतं. आमच्याकडे वहिनीच्या पणजोबांच्या बापाची धाकटी बहीण सापडली आणि तिने एका फटक्यात दोन पिढ्या दिल्या.

शंभर वर्षांच्या आतले जन्म, पंचाहत्तरच्या आतली लग्नं आणि पन्नासच्या आतले मृत्यू यांचे फोटो ऑनलाइन दिसत नाहीत, दाखला मागवावा लागतो.

जनगणना १८४१ पासून १९२१ पर्यंत दर दहा वर्षांची आहे. १८४१ वाल्यात एक गंमत आहे, पंधराच्या वरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली आणून लिहिलंय, तेव्हा पस्तीस लिहिलेला माणूस एकोणचाळीसचाही असू शकतो. जन्माचं नेमकं गाव १८५१ पासून मिळतं. आणि ते गाव मिळाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका.

पायरी ४: चर्चची जुनी रजिस्टरं, इथे खरी गंमत

१८५५ च्या आधी पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, रजिस्टरं. सगळ्यात जुनं एरॉल गावचं, १५५३ चं, पण हायलँड्समधली बरीच अठराव्या शतकातच सुरू होतात. बारसं असतं, लग्नाऐवजी बऱ्याचदा लग्नाची जाहीर घोषणा असते, दफनाची नोंद क्वचितच. १७८३ ते १७९४ प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता म्हणून गरिबांनी नोंदीच केल्या नाहीत, त्या अकरा वर्षांत पूर्वज सापडला नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

स्पेलिंगचा आग्रह धरू नका. मॅक पूर्ण लिहिलंय की आखूड, की नुसता एम आणि वर टिंब, यावरून आयरिश की स्कॉटिश ठरतं ही निव्वळ अफवा. ग्रेगर, ग्रिगर, ग्रिगोर, सगळं एकच. सर्चमध्ये नक्की माहीत नसलेल्या अक्षरांच्या जागी तारा (*) आणि प्रश्नचिन्ह वापरा.

आणि मॅकग्रेगर शोधताय तर या आडनावांतही शोधा: कॅम्पबेल, ड्रमंड, मरे, ग्रॅहम, स्टुअर्ट, ग्रेगरी, ग्रेग, ब्लॅक, व्हाइट, मॅलॉख. कोणतं नाव घेतलं ते बहुतेकदा जमीनमालकावर ठरायचं. पर्थशरमधल्या स्ट्रॅथअर्नमध्ये ड्रमंडांची जमीन, तिथले लपलेले मॅकग्रेगर ड्रमंड झाले. ते नुसते गरीब शेतकरीच नव्हेत, १७१४ मध्ये क्लॅनच्या मंडळींनी ज्याला सरदार निवडलं तो बाल्हाल्डीचा अलेक्झांडर, तोही ड्रमंड म्हणूनच वावरायचा. खुद्द रॉब रॉय, १६७१ मध्ये लॉख कॅट्रिनजवळ ग्लेनगाइलला जन्मला, कागदावर रॉबर्ट कॅम्पबेल म्हणून सही करायचा, आईचं माहेरचं नाव. तेव्हा ड्रमंड सापडला की लगेच "हा आपला नाही" म्हणून सोडू नका.

शोधायचा शब्द म्हणजे 'एलियस', उर्फ. "मॅकग्रेगर उर्फ अमुक" अशा नोंदी कोर्टाच्या, कौन्सिलच्या आणि कधीकधी चर्चच्या कागदांत असतात. इंडेक्स बनवणाऱ्याने दोनपैकी एकच नाव टाईप केलेलं असतं, म्हणून फोटो उघडल्याशिवाय कळत नाही. आमच्या बाबतीत पर्थशरच्या एका पॅरिशमध्ये १७८७ चं बारसं मिळालं, बाप ड्रमंड. पान मोठं करून बघितलं तर आडनावाच्या आधी काहीतरी लिहून खोडलेलं, पहिलं अक्षर एम. आता हे मॅकग्रेगर असेल, मरे असेल, किंवा कारकुनाची चूक असेल. मी ते पान वहिनीला, दादाला, ऑफिसातल्या दोघांना दाखवलं, प्रत्येकाने वेगळं वाचलं. याला पुरावा म्हणत नाहीत, वहीत "शंका" असं लिहून पुढे गेलो.

एक जुनी रीत मदतीला येते. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला बापाचं. मुलींत पहिलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. सगळे पाळायचेच असं नाही, पण आठ मुलांची यादी समोर असेल तर आजोबांचं नाव काय असावं याचा अंदाज बांधता येतो. आणि ड्रमंडांच्या घरात १७७४ नंतर अचानक एका पोराचं नाव ग्रेगर ठेवलेलं दिसलं तर कान टवकारा.

पायरी ५: नकाशा उघडा

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने जुने नकाशे ऑनलाइन फुकट टाकलेत. १६५४ चा ब्लाऊचा अॅटलास, १७४७ ते १७५५ ची विल्यम रॉयची (रॉब रॉयची नव्हे) लष्करी पाहणी, आणि नंतरचे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे मोठे नकाशे ज्यात एकेक घर दिसतं. काकांनी सांगितलेलं शेत मला तिथेच सापडलं. आज तिथे फक्त मेंढ्या आहेत, पण जुन्या नकाशावर पाच चौकोन आहेत, म्हणजे पाच घरं.

शेत कळलं की जमीनदार कळतो, जमीनदार कळला की त्याची दप्तरं. ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेलांचे, म्हणजे पुढच्या ब्रेडलबेन घराण्याचे कागद एडिनबराला नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये जीडी ११२ या क्रमांकाखाली आहेत. खंडाच्या याद्या, भाडेपट्टे, तक्रारी, सगळं. दैव बघा, मॅकग्रेगरांची सगळ्यात चांगली माहिती त्यांच्या वैऱ्याच्या कपाटात.

प्रत्यक्ष जाता आलं तर बॅलव्हिडरला जा. चर्चच्या आवारात रॉब रॉयची कबर आहे, तो २८ डिसेंबर १७३४ ला वारला. कबरीवर आता ओळ लिहिलीय, तिचा मराठी अर्थ सरळ सांगायचा तर "त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर". आम्ही गेलो तेव्हा पाऊस, धुकं, आणि पुतण्या गाडीत झोपलेला. या लोकांना "धुक्याची लेकरं" का म्हणतात ते मात्र कळलं, वीस पावलांवरचं दिसत नव्हतं.

पायरी ६: डीएनए, पण डोकं ठिकाणावर ठेवून

साध्या डीएनए टेस्टने पाचसहा पिढ्यांपलीकडचं भरवशाचं काही कळत नाही. आडनावासाठी वाय डीएनए लागतो, जो बापाकडून मुलाकडेच जातो. वहिनीला तो नाहीच, म्हणून तिच्या काकांना पटवलं. मॅकग्रेगरांचा स्वतंत्र वाय डीएनए प्रोजेक्ट आहे, त्यात सरदारांच्या वंशाशी जुळणारा एक गट स्पष्ट दिसतो, आणि त्या गटात बाकी आडनावांचे लोकही आहेत, तर उलट कितीतरी अस्सल मॅकग्रेगर आडनावाचे त्यात बसत नाहीत. काकांचा रिपोर्ट आला तर जवळच्या जुळण्यांत मॅकग्रेगर जास्त, ड्रमंड जवळजवळ नाहीत. आजी बरोबर होती बहुतेक. बहुतेक म्हणतोय कारण १७८७ च्या मागे कागद अजून नाही.

पायरी ७: ढाल, टार्टन वगैरे

इथे मी फसलो. एका दुकानात "तुमच्या घराण्याची ढाल आणि इतिहास" अशी फ्रेम पस्तीस पौंडांना घेतली, भेट म्हणून. नंतर कळलं की स्कॉटलंडमध्ये आडनावाची ढाल असा प्रकारच नसतो. ढाल एका माणसाची असते, आणि त्याची नोंद लॉर्ड लायन या ढालींच्या सरकारी अधिकाऱ्याच्या कोर्टात, १६७२ पासूनच्या रजिस्टरमध्ये. क्लॅनच्या सामान्य माणसाने फक्त सरदाराचं चिन्ह पट्टा आणि बकलच्या गोलात लावायचं, मॅकग्रेगरांचं चिन्ह मुकुटवालं सिंहाचं डोकं. ती फ्रेम आता दादाच्या गॅरेजमध्ये आहे.

प्रत्येक क्लॅनचं ठरलेलं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, ही गोष्टही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. १८४२ मध्ये दोन भावांनी एक "प्राचीन हस्तलिखित" छापून डझनावारी नमुने खपवले आणि ते बनावट निघालं. आवडेल ते घाला. नमुना तपासायचा तर सरकारी टार्टन रजिस्टर ऑनलाइन आहे. दुकानात टांगलेल्या उपकुळांच्या याद्याही त्याच भावात घ्या, सुरुवात म्हणून ठीक, पुरावा म्हणून शून्य.

पायरी ८: हिंदुस्थानातले कागद

घरातला कोणी इकडे आला असेल तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद बघा. मुंबई इलाख्यातली बारशी, लग्नं, दफनं एन ३ या मालिकेत आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या घराण्यांचा शोध घेणारी फिबिस नावाची संस्था आहे, तिचा डेटाबेस फुकट शोधता येतो.

ही पायरी मी टाकणारच नव्हतो, पण यात आमचंच गाव निघालं. आम्ही शिरपूरकडचे. तापीकाठी थाळनेरचा किल्ला, लहानपणी सहलीला जायचो, फारुकी सुलतानांच्या कबरी बघायला. २७ फेब्रुवारी १८१८ ला हिस्लॉप या इंग्रज सेनापतीच्या फौजेने तो घेतला, दरवाजात झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले, आणि नंतर हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिलं. त्याच दरवाजात एक लेफ्टनंट कर्नल जबर जखमी झाला, त्याचं नाव इव्हन मॅकग्रेगर मरे. हा क्लॅनच्या सरदाराचा मुलगा. त्याचा बाप जॉन मरे बंगालमध्ये कंपनीच्या फौजेत होता, बंदी उठल्यावर ८२६ मॅकग्रेगरांनी सह्या करून त्याला सरदार मानलं. पण घराण्याने मरे मागे टाकून मॅकग्रेगर हे नाव राजाच्या परवान्याने अधिकृतपणे घेतलं ते १८२२ मध्ये, थाळनेरनंतर चार वर्षांनी. त्याच वर्षी क्लॅन ग्रेगर सोसायटीही निघाली. इव्हन पुढे बार्बाडोसचा गव्हर्नर होऊन तिथेच १८४१ मध्ये वारला.

म्हणून त्याचे लष्करी कागद १८२२ च्या आधीचे हवे असतील तर सर्चमध्ये मॅकग्रेगर टाकून बसू नका, मरे टाका. मी चार संध्याकाळी मॅकग्रेगरच टाकत होतो.